बनी सालेहचा मुक्काम

बनी सालेह, ता. ८ जानेवारी १९७८

चि. सौ. शालू हिला अंबूचे आशीर्वाद.

आम्ही पोचलो. कैरोपर्यंत विमान, तिथून मिन्या नावाच्या शहरापर्यंत आगगाडी आणि पुढं दोन तास इथल्या साखर कारखान्याची जीप. विमानात मी डोळे मिटूनच बसले होते. हे मात्र शांत. त्यांचं तुला ठाऊकच आहे, एक कप चहा अर्धा तास पितात. कैरोच्या स्टेशनात गाडी सुटायला दोन मिनिटं राहिली तरी चपलेचा अंगठा बघत उभे.

गाव सगळं शेतीचं. चारी बाजूंनी ऊस आणि गहू. घरं मातीची, आणि घरापेक्षा उंच कबुतरांचे मनोरे, तेही मातीचेच. तोडणीनंतर इथल्या उसाचा खोडवा नीट फुटत नाही, तो कसा राखायचा ते दाखवायला आपल्या कारखान्यानं ह्यांना तीन महिने धाडलंय. आम्हाला हसन नावाच्या शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या दिल्या आहेत.

मालन कशी आहे? आमची एस.टी. वळली तरी तिनं हात हलवला नाही, नुसती उभी होती. ते डोळ्यापुढनं जात नाही. शालू, मी खरं तर येत नव्हते. शाळा चालू असताना पोरीला सांगलीहून उचलून बोरजाईवाडीला ठेवायचं मला पटत नव्हतं. पण हेच म्हणाले, "बावीस वर्षांत तुला कुठं नेलं नाही, एवढं चल." मग नाही म्हणवेना.

तू मिरजेच्या दवाखान्यात छातीच्या आजारानं पडून होतीस तेव्हा दोन वर्षांची पोर माझ्या ओटीत घातलीस. तू जन्म दिलास, मी वाढवली, आणि सात वर्षांत आपल्या दोघी जावांत त्यावरून कधी वाकडा शब्द झाला नाही. म्हणूनच निर्धास्त ठेवून आले. तिला दुधावरची साय चालत नाही, ओकारी काढते. केसांना आठवड्यातून दोनदा शिकेकाई लाव. ताप आला तर तळपाय चोळत बस, त्याशिवाय तिला झोप लागत नाही. गुरुजींनी तिसरीच्या वर्गात नुसतं बसायला घेतलंय, पण वार्षिक परीक्षा ती सांगलीच्या शाळेतच देईल. तोवर आम्ही येतोच.

केरबा भावजींना नमस्कार. तुझ्या थोरल्या जोतीरामचं पलटणीतून पत्र येतं का ते कळव.

तुझी,
अंबूअक्का

*

बोरजाईवाडी, ता. २ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. अक्कांच्या पायी शालूचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ह्यांनी रहिमतपूरच्या पोष्टातनं आणलं. आमी समदी खुशाल हाय. जोतीरामचं पत्र आलं, त्यो लय लांब हाय, बरफात हाय म्हणतो.

पोर पयलं चार दिस लय रडली. जेवायची न्हाई. पाचव्या दिशी शेळी याली, दोन करडं झाली, तवापास्नं जरा गप झालीया. शाळंतनं आली की दप्तर टाकती आन् करडं घेऊन बसती. मी म्हणलं, "मालन, करडांची नावं ठेव." तिनं एकाचं नाव सांगली ठेवलंय आन् एकाचं इजिप्त.

साय काढूनच दूध देते. शिकेकाई लावते. परवा जरा कणकण व्हती, तळपाय चोळत बसले तर म्हणाली, "काकी, तुला कसं ठावं?" म्या म्हणलं, तुझ्या आईनं कळवलंय.

ह्यांनी आल्याची काढणी सुरू केलीया. माणसं मिळत न्हाईत. पोर माज्याबरं मळ्यात येती, आल्याचं गड्डं निवडू लागती. हाताला माती लागली की तिला लय आवडतं, सांगलीला कॉलनीत माती कुठली?

आबांना नमस्कार सांगा. तिकडं थंडी आसंल तर अंगावर घ्या. सावकाश या, हिकडची काळजी करू नगासा.

तुमची,
शालू

*

बनी सालेह, ता. २५ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. करडाचं नाव इजिप्त ठेवलं हे ह्यांना सांगितलं तर हसले नाहीत, उठून बाहेर गेले. त्यांनाही आठवण येत असणार, दाखवत नाहीत.

इथं बाईला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही. लेकराच्या नावानं मारतात. घरमालकीण म्हणजे हसनची म्हातारी आई, तर तिला सगळं गाव उम्म हसन म्हणतं. उम्म म्हणजे आई. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या छातीला बोट लावून विचारलं, "उम्म?" म्हणजे तू कोणाची आई? मी म्हणाले, मालन. तेव्हापासून मी गावभर उम्म मालन झाले. भाजीवाली, पाण्याला येणाऱ्या पोरी, मशिदीपाशी बसणारे म्हातारे, सगळे तीच हाक मारतात. शालू, सांगलीच्या कॉलनीत मी साहेबांची मिसेस, माहेरी जतला अंबी. अशी हाक मला जन्मात कोणी मारली नव्हती.

उम्म हसन मला भाकरी शिकवतेय. पीठ आंबवून गोळे मातीच्या थाळ्यांवर उन्हात मांडायचे, उन्हानं फुगले की भट्टीत. आणि आपल्या लाल अंबाडीची बोंडं वाळवून त्याचा चहा करतात, आंबट आणि लालभडक. मालनला आवडेल. येताना आणते.

आता एक सांगते, हसू नकोस. संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या काठानं फिरायला जातो. बावीस वर्षं हे माझ्यापुढं दहा पावलं चालत आले. इथं शेजारून चालतात. सावकाश, एकेका रहाटापाशी थांबत. परवा मला म्हणाले, "दमलीस का?" मी म्हणलं नाही, तर म्हणाले, "मग अजून थोडं जाऊ." एवढंच. पण मी खोलीवर येऊन रडले. मला वाटत होतं ह्यांच्यात असलं काही नाहीच.

मालनच्या झग्याचं माप धाड. खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत, आणि छाती. इथलं सुती कापड फार मऊ आहे. दहा एप्रिलला निघायचं ठरलंय. परीक्षेच्या आत पोचतो म्हणून तिला सांग.

तुझी,
अंबूअक्का

*

बोरजाईवाडी, ता. २० मार्च १९७८

ती. सौ. अक्कांस शालूचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. तुमाला तिकडं बरं वाटतंय ना, मग घाई करू नगासा. परीक्षेचं गुरुजींना इचारलं. हितं दिली तरी चालती म्हणले.

माप धाडलंय, सुताचा दोरा आत घातलाय. गाठ मारलीया तितं गुडघा. पोरीची उंची वाढलीया.

ती आता माज्यापाशीच झोपती. मला खोकला आला की उठून पाणी देती. जास्त काय लिवू?

शालू

(खाली मालनचे अक्षर)

ती. आईस नमस्कार. मी मजेत आहे. तू कधी येणार? सांगली मोठी झाली, ती उड्या मारते. इजिप्त मेला. काकाने ओढ्याकाठी पुरला. मी आले निवडते. आबांना नमस्कार. – मालन

*

बनी सालेह, ता. ३ एप्रिल १९७८

चि. केरबास नानासोचे अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रे कारखान्याच्या पत्त्यावर मिळाली. यापुढेही तिकडेच पाठवावीत, घरच्या पत्त्यावर पाठवू नयेत.

सोबत सांगलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना अर्ज जोडला आहे. त्यावर माझी सही आहे. तो दाखवून मालनचा शाळा सोडल्याचा दाखला घे. जूनमध्ये तिचे नाव तुमच्या शाळेत चौथीत घाल. आमच्याकडे मालन नानासो असे लागले होते. तिकडे मालन केरबा असे लाव. तेच खरे नाव आहे, त्यात लबाडी नाही.

तू विचारतोस, वहिनीला सांगितले का. अद्याप नाही. दिवाळीत शालूला शब्द दिला तेव्हा वाटले होते, आठ दिवसांत सांगेन. मग हा इजिप्तचा हुकूम आला. वाटले, लांब गेल्यावर सांगणे सोपे जाईल. इथे तर ते जास्त कठीण झाले आहे. तुझी वहिनी इथे हसते. मी तिला इतके हसताना कधी पाहिले नव्हते. रोज संध्याकाळी ठरवून बाहेर पडतो आणि न सांगता परत येतो.

माझे काम या महिनाअखेर संपते. पण इथल्या अधिकाऱ्यांना सांगून आणखी तीन महिने खोली मागून घेतली आहे. शाळा एकदा सुरू झाली, पोर तिथे रुळली, की वहिनीला स्वतःलाच दिसेल आणि फार बोलावे लागणार नाही असे वाटते.

शालूने मात्र धीर धरावा. पत्रात काही लिहू नये.

नानासो

*

बनी सालेह, ता. १० मे १९७८

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

मालनच्या चार ओळी मी उशाला घेऊन झोपते. इजिप्त मेला हे वाचून कसंतरी झालं. दुसरं करडू जप म्हणावं.

आम्ही दहा एप्रिलला निघालो नाही. आधी कामच संपलं नाही, मग तिकिटं मिळेनात, मग हे म्हणाले, "एवढ्या लांब आलोय, नदी तरी बघू." मी म्हणलं, मालनची परीक्षा? तर म्हणाले, "केरबा आहे की तिथं." आणि नऊ दिवस आम्ही शिडाच्या होडीतनं फिरलो. वारा पडला की होडी थांबायची. अर्धा दिवस एका जागी. काठावर गव्हाची कापणी चाललेली, बाया काळ्या कपड्यांत पेंढ्या बांधत होत्या, अगदी आपल्यासारख्या वाकून. होडीवाला वांगी भाजायचा. हे एका हातानं वांगं सोलून माझ्यापुढं ठेवायचे. एके दिवशी दुपारी म्हणाले, "अंबू, तुला मी लय वाईट दिवस दाखवले का?" मी म्हणलं, "असं का विचारता?" तर ह्यांनी दुसरं वांगं सोलायला घेतलं.

शालू, तुला म्हणून सांगते. मला पोटचं मूल झालं नाही तेव्हा सासूबाई जाईपर्यंत मला बोलत राहिल्या, आणि हे एक शब्द माझ्या बाजूनं बोलले नाहीत. तो सल मी वीस वर्षं बाळगला. तो ह्या होडीत गेला. पण दुसऱ्याच क्षणी वाटतं, पोर तिकडं वाट बघतेय आणि मी इथं वांगी खातेय. सुख लागलं की अपराध्यासारखं वाटतं. मालन इथं असती तर मला दुसरं काही नको होतं.

झगा शिवून झाला. पिवळा आहे, बारीक ठिपक्यांचा. ह्यांना बजावून सांगितलंय, पाच जूनच्या आत सांगलीत. चौथीची पुस्तकं मी स्वतः घेणार.

तुझं पत्र महिन्याभरात नाही. तब्येत बरी आहे ना? तू खोकल्याचं लिहिलंस, त्याची काळजी वाटते. थुंकी तपासून घे.

तुझी,
अंबूअक्का

*

बोरजाईवाडी, ता. १४ जून १९७८

ती. अक्कांस.

आज शाळा सुरू हून दोन दिस झालं. तुमी पाच जूनला येतो म्हणला व्हता. आला न्हाईसा. येणार न्हाईसा, ह्ये मला ठावं व्हतं. म्हणून ह्यो कागद लिवते. ह्यांना न सांगता लिवते, आबांनी लिवू नगं म्हणून ताकीद दिलीया.

मालनचं नाव हितल्या शाळंत घातलंय. सांगलीचा दाखला आबांनी सही करून मागवला, ह्ये जाऊन घेऊन आलं. पोरगी आता हितंच राहणार.

गेल्या दिवाळीला तुमी आला व्हता. तुमी चुलीपाशी करंज्या तळत व्हता. आबा म्हस बघाया गोठ्यात आलं. म्या त्येंचं पाय धरलं. म्हणलं, "आबा, जोतीराम पलटणीत गेला. घर खायला उठतंय. मला आता दुसरं लेकरू व्हायचं न्हाई. माजी पोर मला परत द्या." आबा लय येळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभं राह्यलं. मग म्हणलं, "अंबूला मी सांगतो. तू काय बोलू नगंस."

म्या वाट बघितली. इजिप्तला जायच्या वक्ताला तुमी पोरीला घेऊन आला तवा मला वाटलं, आबांनी सांगितलं. तुमी सोताहून सोडाया आलाय. माजं काळीज भरून आलं. आन् मग तुमी मला पोरीची साय न् शिकेकाई सांगाया लागला. तवा कळलं की तुमाला काय बी ठावं न्हाई.

तवाच बोलाया पायजे व्हतं. बोलले न्हाई. बोलले आसते तर तुमी तिला हाताला धरून माघारी नेलं आसतं.

तुमचं होडीचं पत्र आलं. आबांनी वांगं सोलून दिलं, शेजारनं चालले, ह्ये वाचलं आन् म्या ताट सारलं. अक्का, त्यो माणूस तुमाला थांबवून ठेवतोय. शाळा सुरू व्हईस्तवर. तुमी त्याला परेम समजून बसलाय. ह्ये मी किती दिस वाचायचं आन् गप बसायचं?

म्या चोरी केली न्हाई. नऊ म्हयनं पोटात वागवली, दोन वर्सं पाजली. डाक्टरनं जवळ घेऊ नगं म्हणून दिली. दिली म्हंजे टाकली न्हवती. सात वर्सं ती दिवाळीला यायची न् मला काकी म्हणायची. मी तिला करंजी द्यायची न् म्हणायची, घे बाळा.

गेल्या म्हयन्यापास्नं ती मला आई म्हणती.

मला शिव्या द्या. पर येऊन तिला नेऊ नगासा.

शालू

*

बनी सालेह, ता. ४ जुलै १९७८

शालू,

तुझं पत्र उम्म हसनच्या अंगणात वाचलं. उभ्यानं वाचलं, मग खाली बसून वाचलं. म्हातारीला काही कळलं नाही, पण तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "उम्म मालन, उम्म मालन." मी तिचा हात झिडकारला. त्या बिचारीचा काय दोष.

हे बाहेरून आले. मी दारातच विचारलं, "मालनचं नाव बदललं?"

त्यांनी चपला काढल्या. पाय धुतले. पंच्यानं एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, "हो."

"मला कधी सांगणार होता?"

"सांगणारच होतो. तू एवढी आनंदात होतीस."

"आठवडा, महिना, सहा महिने?"

"अंबू, तोंडावर मागितली असती तर तू दिली असतीस का?"

"नसती दिली."

"मग मी काय करायला पाहिजे होतं? शालू मरणातून उठलीय. पोर तिची आहे. तू नाही म्हणाली असतीस, ती रडली असती, केरबाचं आणि माझं तुटलं असतं. मला भांडण होत नाही गं."

मी आत वळले. तर म्हणाले, "ह्या सहा महिन्यांत तुला काही कमी केलं का मी?"

तेव्हा मला नीट समजलं. ते शेजारून चालणं, ती होडी, दमलीस का म्हणून विचारणं, हे सगळं पोरीच्या बदल्यात होतं. मी ते प्रेम समजून घेतलं आणि तुला रकाने भरभरून लिहिलं. तू ते वाचत होतीस.

तू खरं मागितलंस. शालू, दिवाळीत तू गोठ्यात जाण्याऐवजी चुलीपाशी आली असतीस, माझ्याजवळ बसून म्हणाली असतीस, तर काय झालं असतं ते मलाही माहीत नाही. कदाचित मी तुला हाकलली असती. कदाचित दोघींनी मिळून वाट काढली असती, सहा महिने तुझी, सहा महिने माझी. पण मला विचारायचं तुम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी नाही म्हणेन म्हणून मला विचारलंच नाही.

तिकिटं मी स्वतः कारखान्यातल्या बाबूकडून काढवून घेतली. अठ्ठावीस जुलैला मुंबई. सांगलीला सामान टाकून बोरजाईवाडीला येते. एकटी.

अंबू

*

बोरजाईवाडी, ता. २० जुलै १९७८

ती. अक्कांस नमस्कार.

या. ह्यो कागद सांगलीच्या पत्त्यावर धाडते. घर तुमचंच हाय. पर गाडीतनं उतरल्या उतरल्या तिच्यापुढं रडू नगासा. आन् तिला फार काय इचारू नगासा. ती आता कुटं रुळलीया.

शालू

*

सांगली, ता. ४ सप्टेंबर १९७८

शालू,

त्या दिवशी नागपंचमी आठवड्यावर आली होती. मी दारात आले तर मालन उंबऱ्यावर बसून शेळीचं दावं वळत होती. तू मला बघून म्हणालीस, "ह्यांना मळ्यातनं बोलवून आणते," आणि निघून गेलीस. मला वाटतं तू भावजींना बोलवायला गेली नव्हतीस. तुला तिथं थांबवेना. त्या अर्ध्या तासात काय झालं ते तुला माहीत नाही आणि पोर सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

ती उठली नाही. मी जवळ गेले तर दावं हातात घट्ट धरून मागं सरकली. बोटभर उंच झालीय. पायाला चिखल, केस तेल लावून चापून बसवलेले. चांगली दिसत होती. हे लिहायला मला जड जातंय, पण चांगली दिसत होती.

मी झगा काढला. तिनं हात लावला नाही. म्हणाली, "तू मला नको म्हणालीस ना?"

मी म्हणलं, "कोण म्हणालं?"

"आई म्हणाली. शिवरात्रीला. तू इजिप्तातनं कागद धाडलास की मला आता पोरगी नको, तुमीच ठेवा. मी म्हणलं मला दाखव कागद, तर चुलीत गेला म्हणाली. मग मी तुला कागद लिहिला, तू कधी येणार म्हणून, तर तू आली न्हाईस."

शालू, तुझ्या त्या लांब पत्रात तू गोठ्याचं लिहिलंस, दाखल्याचं लिहिलंस, हे लिहिलं नाहीस.

एक शब्द पुरला असता. "बाळा, मी असं कधीच म्हणाले नाही." ती माझ्या गळ्यात पडली असती आणि संध्याकाळच्या गाडीनं माझ्याबरोबर सांगलीला आली असती. तुझ्या तोंडाकडं तिनं पुन्हा बघितलं नसतं. मला ते करायचं होतं. मी त्यासाठीच आले होते. एस.टी.त बसल्या बसल्या मी ठरवून आले होते की कोणाचं काही ऐकायचं नाही.

पण मी तिच्या तोंडाकडं बघितलं. नऊ वर्षांच्या पोरीनं तेवढं ऐकून घेतलं, कोणाला सांगितलं नाही, जेवली, शाळेत गेली, परीक्षा दिली, तुला आई म्हणायला लागली. ते तिनं कसं केलं ते तिलाच माहीत. आता मी सांगायचं की तिला नको म्हणणारी आई खरी नव्हती, तर जिच्या कुशीत ती झोपते ती बाई खोटी आहे. म्हणजे पुन्हा एक आई गेली. तिला आणखी किती वेळा उपटायची?

मी म्हणलं, "व्हय. मीच म्हणाले."

ती म्हणाली, "का?"

मी म्हणलं, "दमले होते."

तिनं दावं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आता न्हाईस दमलीस?"

तिनं मला वाट करून दिली होती, शालू. त्या पोरीनं आपल्याला नको म्हणणाऱ्या बाईलासुद्धा वाट करून दिली. आणि मी म्हणलं, "अजून दमलेलीच हाय."

ती परत दावं वळायला बसली. तू आलीस, चहा ठेवलास. तुझ्या हातचा चहा मी घेतला, कारण पोर बघत होती. झगा तिनं उंबऱ्यावरच राहू दिला. तो तू नंतर उचललास की नाही मला माहीत नाही.

हे गेल्या आठवड्यात परत आले. घरात राहतात. मी स्वयंपाक करते, ते जेवतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "तू मोठ्या मनानं घेतलंस." मी ताट उचललं आणि आत गेले. जतला भावाकडं जाऊन राहावं असं मनात येतं, पण तिथं प्रत्येकजण पोर कुठं म्हणून विचारील, त्यापेक्षा कॉलनी बरी. इथं सगळ्यांनी विचारून झालं.

तुझं पंधरा तारखेचं पत्र मिळालं. दिवाळीला या, पोर विचारते, असं लिहिलंस. मी येणार नाही. पोर विचारत नाही हे मला माहीत आहे. माझे आभार मानलेस तेही वाचले. हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही, तेव्हा आभार तुझ्याकडंच ठेव. तुझ्यावर माझा राग आहे आणि तो राहील. तुझी छाती बरी राहावी असंही मला वाटतं, कारण तू पडलीस तर तिचं काय होईल. दोन्ही खरं आहे.

एकच मागते. ती मोठी झाली, लग्नाला आली, की तिला खरं काय ते सांग. मी मेल्यावर सांगितलंस तरी चालेल. मला काही मिळावं म्हणून नाही. आपल्याला कोणी टाकलं नव्हतं, एवढं तिला कळावं. नाही सांगितलंस तर ते कोणाला कळणार नाही, तू आणि मी सोडून.

अंबू